घरची भाजी : आधी माती, मग बियाणे

जुन्या वाड्यांच्या आणि कोकणातल्या घरांच्या मागे परस असे. मोरीचे पाणी एका चरातून वाहत जाऊन अळूच्या वाफ्याला आणि केळीच्या बुंध्याला मिळे. भाज्यांची देठे, साली, चुलीतली राख हे सारे तिथेच जिरे. परसबाग हा वेगळा छंद नव्हता. घरातून जे टाकून दिले जाई, त्याचेच ते रूपांतर होते. माणूस सदनिकेत राहायला आला आणि ही साखळी तुटली. साली कचऱ्याच्या डब्यात गेल्या, अळू मंडईतून येऊ लागला. आज अनेकांना सज्ज्यात किंवा गच्चीवर चार भाज्या लावाव्यात असे वाटते. त्यांपैकी पुष्कळांचा उत्साह पहिल्या दोन महिन्यांतच मावळतो, याचे कारण बहुधा या तुटलेल्या साखळीत सापडते.

नवशिक्याची सुरुवात सहसा बियाण्याच्या पाकिटापासून होते. पाकिटावर लालबुंद टोमॅटो असतात. रोपवाटिकेतून लाल मातीची गोणी येते, कुंडी काठोकाठ भरली जाते, बी पेरले जाते आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले जाते. रोप उगवते, वीतभर वाढते आणि पिवळे पडू लागते. पाणी कमी पडले असावे, असे समजून ते आणखी घातले जाते आणि रोप मरते. वस्तुतः मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. शेतातली माती गांडुळे आणि कुजणारा पाचोळा यांमुळे सच्छिद्र राहते. कुंडीतली निव्वळ माती मात्र पाण्याने दबत जाते, विटेसारखी घट्ट होते आणि मुळे गुदमरतात. म्हणून पहिल्या वर्षी भाजी पिकवण्यापेक्षा माती पिकवणे महत्त्वाचे, हे ध्यानात घ्यावे.

हलकी माती, सुरक्षित गच्ची

कुंडी भरण्यासाठी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा पाचोळ्याचा चुरा असे मिश्रण घ्यावे. मूठ दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि बोटाने टोकताच तो फुटावा, ही त्याची परीक्षा. कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. त्यावर खापराचा एक तुकडा पुरे; खडीचे जाड थर देऊन निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते.

माती हलकी असण्याला आणखी एक कारण आहे. एक चौरस मीटर जागेवर ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर दिला, तर ओलेपणी त्याचे वजन ४५० किलोंच्या पुढे जाते. वापरात असलेल्या साध्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकाने गृहीत धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतकाच आहे. त्यामुळे गच्चीभर मातीचे वाफे करण्याचा विचार अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय करू नये. मोठ्या कुंड्या तुळईच्या किंवा खांबांच्या वर ठेवाव्यात. त्यांच्याखाली विटा ठेवल्यास पाणी साचत नाही आणि गळतीही लवकर लक्षात येते. गच्ची सामाईक असेल तर गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी. खालच्या मजल्यावर पाणी झिरपू लागले, की उत्तम बागेवरूनही भांडणे होतात.

या अडचणीवरचा मार्ग महाराष्ट्रात पूर्वीच शोधला गेला आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्याचा विचार मांडला. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर पिंपांत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत उसाची चिपाडे, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडीशी माती भरून भाज्या व फळे घेतली. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास अशीच बाग उभी राहिली. तिथल्या स्वयंपाकाचा ओला कचरा हेच तिचे खाद्य होते.

कचऱ्याचे सोने

घरी हे काम एका बादलीत होते. बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडावीत. खाली सुक्या पानांचा थर द्यावा. त्यावर भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा टाकून प्रत्येक वेळी वर दुप्पट-तिप्पट सुका पाचोळा पसरावा. मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घातल्यास कुजण्याला वेग येतो. चार-पाच दिवसांनी सारे वरखाली करावे. दुर्गंधी आली, तर ओल जास्त झाली असे समजून पाचोळा वाढवावा. तेलकट उष्टे आणि मांसमासळी मात्र टाळावी. दोन-तीन महिन्यांत पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे काळसर खत तयार होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे नागरिकांवर बंधनकारक केले. ज्याच्या घरी कुंडी आहे, त्याला हे वेगळे करणे जाचक वाटत नाही.

ऊन मोजा, मग भाजी निवडा

माती तयार होईपर्यंत एक काम करावे. सुटीच्या दिवशी तासातासाने पाहून सज्ज्यात थेट ऊन किती वेळ येते, याची नोंद ठेवावी. तीन-चार तास ऊन मिळत असेल तर पालेभाज्या घ्याव्यात. टोमॅटो, मिरची, वांगे, भेंडी यांना सहा तासांचे ऊन लागते. त्याहून कमी उन्हात रोपे उंच वाढतात, फळे धरत नाहीत. ऋतूप्रमाणे हे गणित बदलते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा दक्षिणेच्या सज्ज्यात ऊन आतपर्यंत येते. मेच्या मध्यास मुंबई-पुण्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि तोच सज्जा सावलीत राहतो.

पहिले पीक मेथीचे घ्यावे. ती तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत काढता येते. चूक झाली तरी महिनाभरात सुधारता येते. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणेही चालतात. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून धीर सोडू नये. या दोन्ही भाज्यांना आणि पालकाला ऑक्टोबर ते फेब्रुवारीची थंडी मानवते. उन्हाळ्यात कोथिंबिरीला लवकर फुले येतात. त्या दिवसांत माठ लावावा. पुदिना मंडईतल्या जुडीच्या काडीपासूनही लागतो. पालेभाज्यांना २० सेंटिमीटर खोली पुरते, टोमॅटोला ३० तरी हवी.

पालेभाज्या साधल्यावर फळभाज्यांकडे वळावे. मिरची-टोमॅटोची रोपे आधी लहान ट्रेमध्ये वाढवून चार-पाच आठवड्यांनी मोठ्या कुंडीत लावावीत. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. उंच मजल्यावर कीटक क्वचितच येतात, म्हणून नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलावर लावावा. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो, ते मादीफूल.

पाणी घड्याळ पाहून घालू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मातीवर पाचोळ्याचे आच्छादन ठेवल्यास ओल टिकते. दोन दिवसांआड पाने उलटून पाहावीत. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारावे.

एवढे करून भाजीचा मासिक खर्च फारसा कमी होईल, अशी आशा मात्र बाळगू नये. चार-सहा कुंड्यांवर चौघांचे घर चालत नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि आठवड्यातून एखादी पालेभाजी इतका हिशेब खरा. पण रोजच्या साली डब्याऐवजी कुंडीत जाऊ लागतात आणि काही महिन्यांनी त्याच भाजी होऊन ताटात परत येतात. परस गेला तरी परसाची रीत अशी चौथ्या मजल्यावरही चालू ठेवता येते. आज भाजी निवडून झाल्यावर उरलेली देठे टाकू नयेत. तिथूनच सुरुवात करावी.