तीन प्रोटॉनचं औषध

विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत भरपूर हायड्रोजन तयार झाला, बऱ्यापैकी हेलियम, आणि नावापुरतं लिथियम. सोनं, लोखंड, कार्बन हे सगळं फार नंतरचं. केंद्रकात जेमतेम तीन प्रोटॉन असलेलं हे लिथियम मोबाइलच्या बॅटरीत असतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचाच एक साधा क्षार, लिथियम कार्बोनेट, मानसोपचारतज्ज्ञ गोळीच्या रूपात लिहून देतात आणि बायपोलर आजारात उधळलेलं मन ताळ्यावर येतं. इतकी साधी वस्तू इतक्या गुंतागुंतीच्या मेंदूत काय करत असेल?

आधी आजार पाहू. ‘याचा मूड सारखा बदलतो, बायपोलर आहे वाटतं’ असं आपण सहज बोलून जातो. खरा आजार तासातासाला रंग बदलत नाही. त्याचा एकेक एपिसोड कित्येक दिवस, कधी महिनेही टिकतो. मॅनिया म्हणजे उन्माद किमान आठवडाभराचा. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना. पहाटे तीनला मित्राला फोन, धंद्याच्या पाच कल्पना, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. गरज नसताना कर्ज काढून गाडी, कुणी अडवलं की संताप. घरच्यांना आधी वाटतं, पोरगा मार्गी लागला. मग वाटतं, कुणाची नजर लागली. त्याला स्वतःला मात्र आयुष्यात इतकं छान कधीच वाटलेलं नसतं. मग कधीतरी दुसरं टोक येतं : अंथरुणातून उठवत नाही, जगणं नकोसं होतं.

काहींचा उन्माद सौम्य असतो. तो आजार म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टरकडे ते जातात ते नैराश्य आल्यावर. नैराश्याची गोळी एकटीच सुरू झाली, तर काहींचं मन थेट दुसऱ्या टोकाला फेकलं जाऊ शकतं. म्हणून जाणकार डॉक्टर हमखास विचारतात : झोप कमी असूनही थकवा नाही, असे दिवस पूर्वी कधी होते का?

या आजारावरचं लिथियम सापडलं ते एका चुकीच्या अंदाजामुळे. ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग मांडले. उन्माद हे शरीरातल्या कुठल्यातरी विषाचं काम असावं आणि ते लघवीतून बाहेर पडत असावं, असा त्यांचा तर्क. रुग्णांची लघवी ते गिनीपिगना टोचत. त्यातल्या युरिक आम्लाचा परिणाम तपासायचा, तर ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा लिथियमचा क्षार चांगला विरघळतो, म्हणून तो घेतला. मग लिथियमचा स्वतःचा परिणाम पाहायला नुसतं लिथियम कार्बोनेट टोचलं, तर एरवी हात लावताच बिथरणारे ते प्राणी उताणे ठेवले तरी शांत पडून राहिले. त्यांना तेव्हा लिथियमची बाधा झाली असावी, असं पुढे अनेकांनी म्हटलं. पण केड यांची नजर युरिक आम्लावरून लिथियमवर वळली ती वळलीच. आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं.

मार्च १९४८ मध्ये पहिला रुग्ण निवडला, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला ५१ वर्षांचा माणूस. काही आठवड्यांत तो निवळला, जुलैत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. बरं वाटतंय म्हटल्यावर गोळ्यांत चालढकल झाली, मग त्या सुटल्या. सात महिन्यांच्या आत तो पुन्हा रुग्णालयात. औषध परत सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. औषध सोडलं की आजार उलटतो आणि मात्रा चुकली की औषधच जिवावर उठतं, हे दोन्ही धडे पहिल्याच रुग्णाने देऊन ठेवले.

ही विषबाधा का होते, याचं उत्तर मूत्रपिंडात आहे. लिथियम आणि मिठातलं सोडियम आवर्त सारणीत एकाच घराण्यातले. मूत्रपिंड दोघांत फारसा भेद करत नाही. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की ते सोडियम राखून ठेवू लागतं आणि त्यासोबत लिथियमही. १९४९ मध्ये अमेरिकेत हेच घडलं. हृदयविकाराच्या, अळणी खाणाऱ्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं गेलं, मात्रेवर कुणाचं लक्ष नव्हतं, आणि काही माणसं दगावली. पुढे डेन्मार्कचे मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स स्काउ यांनी चाचण्यांनी लिथियमची बाजू भक्कम केली, रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय झाली, तरी अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

आजही लिथियम घेणाऱ्याचं रक्त ठरावीक काळाने तपासतात. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी. प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर हवं, १.५ च्या वर धोका. विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, अचानक सुरू केलेलं अळणी जेवण, मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी, यातलं काहीही हे प्रमाण चढवू शकतं. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली तर तडक रुग्णालय गाठायचं. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्याही नेमाने कराव्या लागतात.

पेशीच्या आत लिथियम जीएसके-३ नावाच्या एन्झाइमला आवर घालतं, संदेशवहनात लागणाऱ्या इनॉसिटॉलचा साठा घटवतं. पण मन दोन्ही टोकांकडून नेमकं कसं सावरतं, याचा पूर्ण उलगडा अजून कुणालाच झालेला नाही. परिणाम मात्र पक्का आहे : ते पुढचे एपिसोड टाळतं आणि आत्महत्येचा धोका कमी करतं.

सगळ्यांनाच ते मानवतं असं नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन असे पर्याय आहेत. मूल हवं असेल तर औषध बदलण्याचं आधीच डॉक्टरांशी बोलावं, विशेषतः व्हॅल्प्रोएट चालू असेल तर. गोळ्यांइतकंच मोलाचं काम झोपेची ठरलेली वेळ करते. झोप घटू लागणं हा अनेकांत उन्मादाचा पहिला इशारा, आणि तो रुग्णाआधी घरच्यांना दिसतो. तेव्हा तो बरा असतानाच त्याच्याशी ठरवून ठेवावं : झोप उडाली की डॉक्टरांना कोण कळवणार, बँकेचं कार्ड कुणाकडे राहणार. डॉक्टर कुठे गाठायचे हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.