भेग नेमकी कुठून सुरू होते? डांबरी रस्त्यांबद्दलचे सहा गैरसमज

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जुन्या रस्त्यांवर नवा डांबरी थर चढवण्याची कामं निघतात. त्या थरावर वर्षा-दोन वर्षांत भेगा दिसल्या, की कारणंही ठरलेली असतात: डांबर खाल्लं, थर पातळ टाकला, ट्रॉल्यांनी वाट लावली. यातलं प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरं असतं. पण भेग वरून खाली गेली, तळातून वर आली की जुन्या भेगेतून उगवली, हे पाहिल्याशिवाय उपाय ठरत नाही.

गैरसमज १: डांबर जास्त घातलं की भेगा पडत नाहीत.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३च्या निकषांनुसार वरच्या ‘बिटुमिनस काँक्रीट’ थरात वजनाने किमान ५.२ ते ५.४ टक्के डांबर लागतं. ते कमी पडलं तर खडीवरचा लेप पातळ राहतो, ऊन-वाऱ्याने लवकर कडक होतो आणि तडकतो. जास्त झालं तर एप्रिल-मेमध्ये डांबर वर पाझरतं आणि रस्त्याला चाकोऱ्या पडतात. म्हणून डांबराबरोबर मिश्रणातल्या हवेच्या पोकळ्याही मोजतात. आयआरसी-३७ या भारतीय संहितेतलं सूत्र लावलं तर, पोकळ्या ४.५ वरून ३.५ टक्क्यांवर आणून डांबराचं आकारमान १०.५ वरून ११.५ टक्के केलं की वारंवार वाकून थकण्यापूर्वीचं आयुष्य दुपटीहून अधिक होतं. हा फायदा मुख्यतः सर्वांत खालच्या डांबरी थरात घ्यायचा असतो. चाकाखाली रस्ता वाकतो तेव्हा ताण तिथे सर्वाधिक असतो आणि थकव्याची भेग बहुधा तिथून वर चढते.

गैरसमज २: मिश्रण जितकं कडक, तितका रस्ता टिकाऊ.

वस्तुस्थिती: आपल्याकडे मिश्रण ठरवताना मार्शल चाचणी घेतात. ६० अंश सेल्सिअसला नमुन्याने साध्या डांबराच्या मिश्रणासाठी किमान ९ किलोन्यूटन भार पेलावा लागतो. उन्हाळ्यात मिश्रण दबेल का, याचा अंदाज त्यातून येतो. भेग किती सहज पसरेल, याचा येत नाही. त्यासाठी टेक्सासमध्ये विकसित झालेल्या ‘आयडियल-सीटी’सारख्या चाचण्या आहेत. तिच्यात २५ अंशांना नमुना मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने दाबून फोडतात आणि फुटताना तो किती तग धरतो ते मोजतात. चाकोरी आणि भेग या दोन्ही परीक्षांत उतरणारं मिश्रण निवडणं म्हणजे संतुलित मिश्रणरचना.

टाकाऊ प्लास्टिकबद्दलही हाच घोळ होतो. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांच्या पद्धतीत गरम खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो. त्याने मिश्रणाची ताकद आणि पाण्याला टक्कर देण्याची क्षमता वाढते, पण लवचीकपणा आपोआप वाढत नाही. तो हवा असेल तर एसबीएससारख्या रबरी गुणाच्या पॉलिमरने सुधारलेलं डांबर वापरतात.

गैरसमज ३: वर नवा थर टाकला की जुन्या भेगा गाडल्या जातात.

वस्तुस्थिती: जुन्या भेगेच्या दोन्ही कडा प्रत्येक चाकाबरोबर आणि दिवस-रात्रीच्या तापमानाबरोबर हलत राहतात. वरच्या थरात सगळा ताण नेमका त्याच रेषेवर गोळा होतो आणि भेग तशीच वर उमटते. त्यामुळे आधी खराब थर खरवडून काढणं, भेगा भरणं, गरज असेल तिथे ताण शोषणारा मधला थर किंवा जिओटेक्स्टाइल घालणं आवश्यक असतं. नव्या थराची जाडीही अंदाजाने ठरवायची नसते. रस्ता भाराखाली किती वाकतो, हे बेंकलमन बीम किंवा एफडब्ल्यूडी यंत्राने मोजून ती ठरते.

गैरसमज ४: आपला भाग कमी पावसाचा, इथे पाण्याचा काय त्रास?

वस्तुस्थिती: पाऊस कमी असला तरी पाणी कमी नाही. ब्रिटिश काळापासूनचा नीरा डावा कालवा, त्याच्या चाऱ्या आणि इंदापूरकडे उजनीचा फुगवटा यांमुळे रस्त्यालगतचा ऊस वर्षभर भिजत असतो. काळी जमीन ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि रस्त्याच्या कडेला लांबच लांब उभी भेग पडते. वरचं मिश्रण कितीही उत्तम असलं तरी ही भेग थांबत नाही. तिच्यासाठी रस्त्याच्या पायात न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर, पक्की साइडपट्टी आणि वाहती गटारं लागतात. काळ्या कातळाच्या खडीला डांबर तसं चांगलं चिकटतं. तरीही भिजवलेल्या नमुन्याने कोरड्याच्या तुलनेत ८० टक्के ताकद टिकवावी, अशी अट आहे.

गैरसमज ५: गाड्या वाढल्या म्हणून रस्ते फुटले.

वस्तुस्थिती: गाड्यांच्या संख्येपेक्षा एका अॅक्सलवर किती वजन आहे, हे महत्त्वाचं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून ढोबळ नियम मिळाला, की अॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे १६ पट होतं. भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एका अॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. वजन वाढलं जेमतेम १३ टक्के, पण या नियमाने नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. उलट, तोच ऊस एकाऐवजी दोन अॅक्सलवर वाटला तर नुकसान आठव्या भागावर येतं. 

गैरसमज ६: डांबरी रस्ता टिकतच नाही, काँक्रीटच हवं.

वस्तुस्थिती: पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने हॉटमिक्स तंत्राने केला. हमी दहा वर्षांची होती, रस्ता मात्र दशकानुदशकं खड्ड्यांविना टिकला. शहरी रस्त्यावर उसाचा भार नसतो, हे खरं. तरी नीट काम झालं तर डांबर टिकतं, हे त्यातून दिसतं. काँक्रीटलाही भेगा पडतात. म्हणून तर ठरावीक अंतरावर सांधे कापून ठेवतात.

कागदावरचं मिश्रण रस्त्यावर उतरतं ते तापमानामुळे. व्हीजी-३० डांबराचं मिश्रण पसरताना किमान १४० अंश असावं आणि रोलरचं काम ते ९० अंशांखाली जाण्याआधी संपावं. उशीर झाला की पोकळ्या राहतात, हवा-पाणी आत शिरतं आणि डांबर अकाली म्हातारं होतं. तेव्हा गावात काम सुरू झालं तर थर किती इंचांचा, एवढंच विचारून थांबू नये. जुन्या भेगांचं काय केलं, मिश्रणाचा मंजूर तक्ता कुठे आहे, डंपरमधलं तापमान किती, आणि कोअर काढून घनता कधी तपासणार, हेही विचारावं. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर बाकीचे तीन विचारायच्या आधी काम थांबवायला सांगावं.