‘हेल्प’ म्हणजे केवळ मदत नव्हे

‘हेल्प’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो : मदत. अडचण नेमकी तेथेच होते. ‘आय कान्ट हेल्प लाफिंग’ हे वाक्य कानी पडले, की हसण्याला मदत कोण कशी करणार, असा प्रश्न पडतो. येथे ‘हेल्प’ म्हणजे टाळणे किंवा आवरणे. ‘मला हसू आवरत नाही,’ एवढेच त्या वाक्याचे मराठी. ‘इट कान्ट बी हेल्प्ड’ म्हणजे ‘त्याला इलाज नाही’.

जेवणाच्या टेबलावर हाच शब्द वाढण्याचा होतो. यजमान ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणतात, तेव्हा आपल्या हाताने वाढून घ्यावे, असे त्यांना सुचवायचे असते. आग्रहाच्या पंगतींची सवय असलेला मराठी पाहुणा संकोचाने थांबून राहिला, तर अर्धपोटी उठण्याची वेळ येईल. दुसऱ्यांदा कोणी विचारीलच असे नाही. एका वेळी ताटात वाढून घेतलेल्या पदार्थाला ‘हेल्पिंग’ म्हणतात. गंमत अशी, की न विचारता कोणाची वस्तू लांबवली, तरी त्या माणसाने ‘स्वतःला हेल्प केली’ असाच वाक्प्रयोग होतो.

नाम म्हणून या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पगारी घरकाम करणाऱ्या अनेक गोऱ्या स्त्रियांना ‘सर्व्हंट’ हा शब्द अपमानास्पद वाटे. प्रजासत्ताकात कोणी कोणाचा चाकर नाही, अशी त्यामागची भावना. त्यांनी स्वतःला ‘हेल्प’ म्हणवून घेतले. फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज लेखिकेने १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकाविषयक पुस्तकात या स्वाभिमानाची काहीशी कुत्सित नोंद केली आहे. समतेच्या गोष्टी करणाऱ्या त्याच देशात तेव्हा गुलामगिरी नांदत होती, ही विसंगतीही तिच्या नजरेतून सुटली नाही.

मुंबई-पुण्यातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतही आता ‘मेड’ऐवजी ‘हेल्प’ ऐकू येते. शब्द सौम्य आहे खरा. परंतु मदत ही मर्जीची बाब असते, कामाचा मोबदला आणि रजा मात्र हक्काने मागता यावी लागते. घरकाम करणाऱ्यांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कायदा केला, त्यात ‘मदतनीस’ नव्हे, तर ‘घरेलू कामगार’ ही संज्ञा योजली आहे.