चार अक्षरे, वीस आम्ले

मराठी लिहावयाची तर पन्नासाच्या आसपास वर्ण हाताशी असावे लागतात. सजीवांच्या पेशीत जो मजकूर साठविलेला असतो त्याची अक्षरे मात्र अवघी चार आहेत. डी. एन. ए. मधील या मजकुराची आर. एन. ए.च्या रूपाने नक्कल होते आणि ती नक्कल वाचून पेशी अ‍ॅमिनो आम्लांची माळ गुंफते. ही माळ म्हणजेच प्रथिन होय.

आता, आम्ले वीस आणि अक्षरे चार. एकेका अक्षराने चारच नावे होतील, दोन-दोन अक्षरांनी १६. तीन-तीन घेतली म्हणजे ६४ होतात. तेव्हा शब्द तीन अक्षरांचा असावा, असा तर्क निघाला. परंतु कोणत्या शब्दाचा अर्थ कोणता, हे गणिताला सांगता येईना.

पहिला शब्द १९६१ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे उलगडला. मार्शल निरेनबर्ग व हाइनरिख मथाई यांनी केवळ ‘यू’ या अक्षराचे आर. एन. ए. जीवाणूंच्या पेशीरसात मिसळले. तेव्हा फिनिलअ‍ॅलनिन या एकाच आम्लाची माळ तयार झाली. पुढे, पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोबिंद खुराना यांनी ‘यू’ आणि ‘सी’ एकाआड एक येतील अशी रचना केली. तिच्यातून सेरिन व ल्यूसिन आळीपाळीने गुंफली गेली. शब्द दोन अक्षरी असता तर एकच आम्ल आले असते. अखेर ६१ शब्द आम्लांचे आणि ३ शब्द पूर्णविरामाचे ठरले. खुराना, निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या लिपीतील एका अक्षराचे मोल केवढे असते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ आम्ले असतात. सहाव्या जागी ‘जीएजी’ ऐवजी ‘जीयूजी’ आले की ग्लुटामिक आम्ल जाऊन तेथे व्हॅलिन बसते. आईबाप दोघांकडूनही हीच प्रत मिळालेल्या मुलाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी होताच विळ्याप्रमाणे वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. विदर्भातील व सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबांना हा सिकलसेल रोग परिचयाचा आहे.

एकच सदोष प्रत असलेला वाहक बहुधा निरोगी दिसतो. रक्ततपासणीवाचून त्याला ओळखता येत नाही. परंतु आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. विवाहापूर्वीच्या तपासणीचे महत्त्व ते यामुळेच.