फुटबॉलचा पेशा : करारातील आकडा आणि हातात पडणारी रक्कम

गेल्या महिन्यात सुताचा हिशेब करण्यासाठी आमच्या मालेगावचेच एक कारखानदार दुकानावर आले होते. हिशेब झाला, चहा झाला, तरी उठेनात. शेवटी त्यांनी खिशातून एक घडी केलेला फॉर्म काढून पुढे ठेवला. मुलगा पंधरा वर्षांचा, पायाने चपळ, शाळेच्या संघातून जिल्हा आणि विभागापर्यंत खेळून आलेला. एका निवासी फुटबॉल अकादमीने त्याला "निवडले" होते. दोन वर्षांची फी लाखांत, आणि शेवटी युरोपातील क्लबमध्ये ट्रायल. त्यासाठी बारापैकी चार लूम विकण्याचा त्यांचा विचार होता.

"आठ लूमवर घर चालेल, सेठ," ते म्हणाले. "पोरगा एका सीझनमध्ये सगळे वसूल करील. खेळाडूंना कोटीचा भाव मिळतो, तुम्ही पेपरात वाचले असेलच."

वाचले होते. शुक्रवारी लूम बंद असत तेव्हा मीही मैदानावर लेफ्ट बॅक खेळलो आहे, एवढेच माझे फुटबॉल. परंतु सौदा कसा वाचावा हे तीस वर्षे गादीवर बसून थोडेफार कळते, म्हणून त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. आपल्या वस्त्यांमध्ये या खेळाचे वेड जुने आहे आणि असा फॉर्म आणखी कोणाच्या खिशात असण्याचा संभव आहे.

कोटीचे आकडे खोटे नाहीत. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतले. २०१७ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्याचा अनस एडथोडिका याला जमशेदपूरने १ कोटी १० लाखांना घेतले. तरुणपणी काही काळ ऑटोरिक्षा चालविलेला हा माणूस. पण खात्याची दुसरी बाजूही वाचावी. अनस मुंबई एफसीकडे आला २००७ साली. मुंबई, मग पुणे, असे दहा हंगाम पाय झिजवल्यावर त्याला तो भाव मिळाला, आणि तेव्हा त्याचे वय ३० होते. बचाव फळीतल्या खेळाडूचे पाय त्यानंतर किती वर्षे चालतात? आपणही गिऱ्हाइकाला दाखवताना गाठीतले सर्वांत चांगले थान वर ठेवतो. वर्तमानपत्र तेच करते.

आता आकड्याचा अर्थ. करारावर लिहिलेली रक्कम ही बिलाची रक्कम आहे, वसुलीची नव्हे. आपल्याकडे करार बहुधा हंगामापुरता असतो आणि मे अखेर संपतो. नवा करार झाला नाही तर जूनपासून आवक बंद, खुराक आणि सराव मात्र चालूच. समजा एखाद्या मधल्या दर्जाच्या मुलाला महिना ४०,००० रुपये ठरले आणि करार दहा महिन्यांचा आहे. झाले ४ लाख. त्यातले दोन महिन्यांचे पेमेंट अडकले तर उरले ३ लाख २० हजार. ते बारा महिन्यांवर वाटा : महिना साडेसव्वीस हजारांच्या आसपास. त्यातून बूट, फिजिओ, प्रवास आणि दलालाचे कमिशन. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण दोन महिने अडकण्याची गोष्ट मनाची नाही.

पेमेंट का अडकते, हे समजून घेतले पाहिजे. आपला कारखाना कापड विकून चालतो. भारतातील बहुतेक क्लब मात्र तिकिटावर किंवा टीव्हीच्या पैशावर चालत नाहीत, ते मालकाच्या खिशावर चालतात. मालकाचे मन फिरले किंवा मुख्य धंदा मंदावला की पहिली कात्री खेळावर. यात आपल्या कापड धंद्याचाच दाखला सर्वांत बोलका आहे. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी कापड गिरणीचा संघ १९७१ पासून होता. १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली. २०११ मध्ये गिरणीने संघ बंद केला. देशातली पहिली लीग जिंकणारा संघ, चाळीस वर्षांची पेढी, आणि शटर खाली! त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, मुंबईचा महिंद्र युनायटेड गेला. पुढे महाराष्ट्रात तर रांगच लागली. पुणे एफसी २०१५ मध्ये, डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. यांतला एकही गल्लीतला संघ नव्हता.

नाव मोठे म्हणून पार्टी पक्की, असेही मानू नये. कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग आपल्या वडिलांच्या पिढीला घरच्यासारखा वाटे. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा तो क्लब. २०२४-२५ मध्ये तो सुपर लीगमध्ये आला तेव्हा आमच्या बाजारातही पेढे वाटले गेले. त्याच हंगामात पगार थकले म्हणून त्याच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या वाचाव्या लागल्या.

यापेक्षा मोठा धक्का २०२५ चा. लीग चालविणाऱ्या कंपनीचा आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपणार होता. नवा करार ठरेना, म्हणून जुलैमध्येच कंपनीने पुढचा हंगाम थांबविला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या सुस्थितीतल्या क्लबने पहिल्या संघाचे पगार रोखले. हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला, आणि तोही आखूड. येथे खेळाडूंचा काही दोष नव्हता. वरच्या दोन पार्ट्यांचा सौदा अडला आणि खालच्या मजुराची रोजी थांबली. मंदीत बीम उतरला की विणकराचे जे होते, तेच.

वसुलीचा मार्ग नाही असे मात्र नाही, आणि तो आपल्या बाजारापेक्षा बरा आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले तर खेळाडूने लेखी नोटीस द्यावी, पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तरी पैसे आले नाहीत तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो. देणे थकविणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदविण्याची बंदीही येते. पण यासाठी कागद हवा. तोंडी बोनस, "घर आम्ही देऊ", "जेवणाचे बघू" या गोष्टी नोटिशीत लिहिता येत नाहीत. दुखापत झाली तर इलाज कोणी करायचा आणि त्या काळात पगार चालू राहणार की नाही, हे कलम मी सर्वांत आधी वाचीन. गुडघ्याचा मोठा लिगामेंट तुटला तर सहा-नऊ महिने घरी बसावे लागते. हंगाम तेवढ्यातच संपतो.

खेळाडूंची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, २००६ पासून. मुलगा करारावर सही करील त्या दिवशी तिचे सभासदत्वही घ्यावे.

आता थोडे मागे जातो. आमच्या लहानपणी फुटबॉलवर घर चालविणारे लोक होते, पण ते खेळाडू म्हणून नव्हे, नोकर म्हणून. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, बँका, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ असत. पगार बेताचा, पण पहिल्या तारखेला. प्रॉव्हिडंट फंड कापला जाई, आणि पाय थकले की त्याच ऑफिसात टेबल मिळे. गिरण्यांबरोबर गिरण्यांचे संघ गेले. परंतु रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांची दारे खेळाडूंसाठी आजही बंद झालेली नाहीत, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. हा मार्ग कोटीचा नाही म्हणून कोणी फॉर्म घेऊन दारात येत नाही. येथे दोन गोष्टी लागतात : मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र, आणि शाळेचा दाखला. पहिली मुले फ्रेम करून भिंतीवर लावतात. दुसरीकडे दुर्लक्ष होते. नववीत शाळा सोडून अकादमीत गेलेल्या मुलाला गोल मारता येतात, पण पदवी मागणाऱ्या जागेचा अर्ज भरता येत नाही.

रोखीचा बाजारही आहे. मलप्पुरमकडे सात-सात खेळाडूंचे "सेव्हन्स" सामने हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. गर्दी तिकीट काढून येते, आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात, आणि पैसे सामन्याच्या हिशेबाने हातावर पडतात. मला हा बाजार प्रामाणिक वाटतो. खेळलास, घे, जा. पण त्याला महासंघाची मान्यता नाही, त्यामुळे क्लबशी करार असलेल्या मुलाने तेथे उतरणे म्हणजे क्लबची कारवाई ओढवून घेणे. आणि पाय मोडला तर तो खर्च खेळाडूचा.

आता त्या फॉर्मकडे येतो. मी कारखानदारांना एकच गोष्ट विचारली. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आहे?

ज्याला मुलाच्या पायांत खरोखर नफा दिसतो, तो त्याच्यावर स्वतःचे पैसे लावतो. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून मुले निवडते आणि त्यांचे राहणे, जेवण, शिक्षण, प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने करते. हा धर्मादाय प्रकार वाटला तरी यात व्यवहारही आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फिफाच्या नियमाने विक्रीच्या रकमेतील ५ टक्के, १२ ते २३ या वयात त्याला घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. पहिला व्यावसायिक करार परदेशी क्लबशी झाला तर प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. म्हणजे कच्चे सूत घेऊन कापड विणणाऱ्याचा हिस्सा नियमातच धरलेला आहे. असे असताना जो तुमच्याचकडून लाखांत फी मागतो, त्याचा नफा फीमध्ये आहे, मुलाच्या खेळात नाही. त्याच्या वहीत मुलगा माल नाही, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला "तुझ्यात दम नाही" असे कोणता दुकानदार सांगतो?

फी घेणारी प्रत्येक अकादमी फसवी असते, असे मी म्हणत नाही. संध्याकाळी दोन तास शिकवून महिन्याची वाजवी फी घेणारे चांगले प्रशिक्षक आहेत. ट्यूशनला देतो तसे ते द्यावे. लूम विकून देण्याचा तो खर्च नव्हे.

युरोपच्या ट्रायलबद्दल तर नियमच स्पष्ट आहे. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करण्यास फिफाची मनाई आहे. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशिवाय दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा सरहद्दीलगतची वस्ती असेल, अशा स्वरूपाचे. दोन वर्षांनी हा मुलगा सतरा वर्षांचा असेल. त्याला कोणताही युरोपीय क्लब करारावर नोंदवू शकणार नव्हता. मग ट्रायल कशाची? विमानाचे तिकीट, गणवेशातले चार फोटो आणि परतीचा प्रवास.

फॉर्मच्या मागील बाजूस बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पुढील दहा वर्षांच्या कमाईतील हिस्सा अकादमीला. १८ वर्षांखालील खेळाडूशी क्लबसुद्धा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करू शकत नाही, आणि येथे दहा वर्षे! खाली पालकाच्या सहीची जागा होती. मुलाची सही कायद्याने टिकत नाही हे छापणाऱ्याला ठाऊक होते.

कारखानदार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग काय, खेळू देऊ नको?"

मी तसे म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, मुलाची वये आणि संघ यांची नोंद महासंघाकडे बरोबर झाली आहे का ते शाळेत जाऊन विचारा. जन्मदाखला आणि आधार यांतली तारीख एक आहे का पहा, कारण आपल्याकडे अर्धी मुले तेथेच अडकतात. जेथे मुलाचा खर्च संस्था करते अशाच निवड चाचण्यांना न्या, भाडे तुमचे. दहावीचे पुस्तक बॅगेत ठेवा. दोन-तीन वर्षांत कोणीही त्याच्यावर स्वतःचा रुपया लावला नाही, तर बाजाराने भाव सांगितला असे समजा. तेव्हाही तो अठराचाच असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकादमीला एक पत्र लिहिले. मजकूर मीच सांगितला : आपल्याकडून गेल्या पाच वर्षांत ज्या मुलांनी क्लबशी करार केले, त्यांची नावे, क्लबांची नावे आणि वर्षे कळवावीत. आज पाच आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. फोन मात्र दोनदा आला, आणि दुसऱ्या फोनमध्ये फी पंचवीस टक्क्यांनी कमी झाली होती.

बाराही लूम चालू आहेत. मुलगा पुढच्या महिन्यात एका चाचणीसाठी जाणार आहे. वडील सोबत जाणार असल्याने त्या आठवड्याचे सुताचे पेमेंट पुढे ढकलण्याची त्यांनी माझ्याकडे सवलत मागितली, आणि मी ती दिली.