उपग्रह वर गेला, शेअर खाली का?

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांतले निम्मे एकाच कंपनीबद्दल होते. त्याचं कारण उघड आहे. २४ डिसेंबर २०२५ला सकाळी श्रीहरिकोटाहून इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने ‘ब्लूबर्ड ६’ नावाचा अमेरिकन उपग्रह वर नेला. वजन सुमारे ६,१०० किलो. या रॉकेटने पृथ्वीजवळच्या कक्षेत नेलेला हा सर्वांत जड उपग्रह. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, टाळ्या वाजवल्या, आणि मग काही जणांच्या लक्षात आलं की हा उपग्रह ज्या कंपनीचा आहे ती, एएसटी स्पेसमोबाइल, नॅस्डॅकवर नोंदलेली आहे आणि तिचा शेअर आपण इथे बसून घेऊ शकतो. मग प्रश्न सुरू झाले. “प्रक्षेपण यशस्वी झालं, आता भाव वर जायलाच हवा ना?” आणि ज्यांनी हा शेअर आधीपासून धरून ठेवलाय त्यांचा प्रश्न जरा कडवट: “बातमी चांगली येते आणि भाव पडतो. कुणी मुद्दाम पाडतंय का?”

आज या दोन प्रश्नांवरच बोलू. घ्या किंवा विका हे मी सांगणार नाही. तो सल्ला द्यायची माझ्याकडे नोंदणी नाही, आणि माझ्याजवळ हा शेअरही नाही.

आधी कंपनी काय करते ते थोडक्यात. आपल्या खिशातला साधा मोबाइल थेट उपग्रहाशी बोलेल, छतावर तबकडी लावायची गरज नाही, असा हा बेत आहे. अडचण कुठे येते बघा. मोबाइल फोन जेमतेम एक पंचमांश वॅट ताकदीने बोलतो. ते कुजबुजणं पाचशे किलोमीटरवरून ऐकायचं तर कान प्रचंड मोठा हवा. म्हणून यांचे उपग्रह म्हणजे घडी घालून नेलेले अवाढव्य अँटेना. २०२२मध्ये गेलेल्या ‘ब्लूवॉकर ३’चा अँटेना ६४ चौरस मीटरचा होता. ब्लूबर्ड ६चा सुमारे २२३ चौरस मीटर. लहरी मुख्यतः मोबाइल कंपन्यांच्या वापरायच्या आणि येणारा पैसा त्यांच्याशी वाटून घ्यायचा. अमेरिकेत एटी अँड टी आणि व्हेरायझन, आपल्याकडे जून २०२५मध्ये व्होडाफोन आयडियाशी भागीदारी जाहीर झालेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. या उंचीवरचा उपग्रह एका जागी थांबत नाही. दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक फेरी करतो आणि तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच असतो. म्हणजे एक उपग्रह ही चाचणी झाली, सेवा नव्हे. सेवेसाठी उपग्रहांची रांग लागते. २०२६ अखेरपर्यंत ४५ ते ६० उपग्रह, हे कंपनीने स्वतः जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे.

आता भावाची गोष्ट. कंपनी एप्रिल २०२१मध्ये एका स्पॅकमध्ये विलीन होऊन बाजारात आली. स्पॅक म्हणजे आधी पैसा गोळा केलेली आणि नंतर धंदा शोधणारी रिकामी कंपनी. तिथे शेअरचा मूळ हिशेब १० डॉलरचा होता. ब्लूवॉकर ३ सप्टेंबर २०२२मध्ये गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर अँटेना व्यवस्थित उलगडल्याचं जाहीर झालं. तंत्राच्या दृष्टीने मोठाच टप्पा. दोन आठवड्यांनी कंपनीने नवे शेअर विकले, भाव साडेपाच डॉलर. एप्रिल २०२३मध्ये टेक्सासमधून साध्या सॅमसंग फोनवरून उपग्रहामार्गे जपानला फोन लागला. जानेवारी २०२४मध्ये एटी अँड टी, गूगल आणि व्होडाफोन यांची गुंतवणूक जाहीर झाली, आणि लगोलग पुन्हा नवे शेअर, या वेळी ३ डॉलर १० सेंट. एप्रिल २०२४मध्ये पुढच्या पाच उपग्रहांना उशीर होणार हे कळलं आणि भाव २ डॉलरच्या आसपास आला.

म्हणजे काम पुढे चाललं होतं आणि भाव मागे. मग चित्र उलटलं. मे महिन्यात एटी अँड टी आणि व्हेरायझनचे करार आले, आणि ऑगस्टमध्ये भाव ३० डॉलरच्याही बराच वर गेला. पाच ब्लूबर्ड मात्र आकाशात गेले १२ सप्टेंबरला. त्या वर्षाचा उच्चांक प्रक्षेपणाच्या आधीच होऊन गेला होता. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पाचही अँटेना उलगडले, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, आणि वर्ष संपताना भाव २१ डॉलरच्या आसपास होता.

याचा अर्थ लावताना आपण एक साधा हिशेब विसरतो. समजा, प्रक्षेपण जमलं तर एका शेअरची किंमत ३० डॉलर असायला हवी आणि फसलं तर १५, असं बाजाराला वाटतंय. रॉकेट भरवशाचं आहे, शंभरातली ९५ वेळा जमतं. मग आदल्या दिवशी भाव किती असेल? ३० नाही आणि मधला साडेबावीसही नाही. तो असेल सव्वाएकोणतीस. दुसऱ्या दिवशी यश मिळालं तर वाढ पाऊण डॉलरची. अपयश आलं तर घट सव्वाचौदा डॉलरची. रॉकेट जितकं भरवशाचं तितकी यशाची बातमी शिळी. फाल्कन ९ तर शंभरातल्या ९९पेक्षा जास्त वेळा यशस्वी ठरलेलं रॉकेट आहे, आणि आपल्या एलव्हीएम३ची एकही मोहीम त्याआधी फसलेली नव्हती. प्रक्षेपणाची तारीख सगळ्यांना माहीत असते. ती बघून ज्यांना घ्यायचं असतं त्यांनी आधीच घेतलेलं असतं. टाळ्या वाजतात तेव्हा नवा घेणारा कुठून येणार?

शिवाय प्रक्षेपण हा या धंद्यातला सगळ्यात दिसणारा धोका आहे, सगळ्यात मोठा नव्हे. व्हायासॅटचं उदाहरण घ्या. तीही नॅस्डॅकवरची उपग्रह ब्रॉडबँड कंपनी, पण तिचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, एका जागी स्थिर दिसणारे. ३० एप्रिल २०२३ला तिचा व्हायासॅट-३ मालिकेतला पहिला उपग्रह फाल्कन हेवीने वर नेला. प्रक्षेपण अगदी निर्दोष. सगळ्यांनी अभिनंदन केलं. १२ जुलैला कंपनीने कळवलं की उपग्रहावरचा मोठा परावर्तक नीट उलगडलेला नाही. दुसऱ्या दिवशी शेअर एक चतुर्थांशाहून जास्त कोसळला. पुढे कळलं की ठरवलेल्या क्षमतेच्या दहा टक्केही मिळणार नाहीत, आणि कंपनीने ४२ कोटी डॉलरच्या विम्याचा दावा केला. आता सांगा, १ मेला ज्याने “प्रक्षेपण यशस्वी” म्हणून शेअर घेतला त्याने नेमकी कुठली माहिती विकत घेतली?

उलगडणं जमलं तरी गिऱ्हाईक हवं. इरिडियमने १९९८मध्ये ६६ उपग्रहांचं पूर्ण जाळं उभं केलं, नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उपग्रह उत्तम चालत होते.

आता त्या कडवट प्रश्नाकडे येतो. चांगली बातमी आली की कंपनी लगेच नवे शेअर विकते, आपल्या वाट्याला पाणी घालते, हा राग मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. राग समजण्यासारखा आहे, पण मला तो चुकीच्या जागी वाटतो.

सामायिक विहिरीचा हिशेब करा. चार भावांनी विहीर खोदायला घेतली. पाण्याच्या पाळ्या चार. वीस फुटांवर पैसे संपले आणि खाली अजून कोरडा खडक. आता पाचवा भागीदार घ्यायचा तर तो काय म्हणेल? “पाणी लागेल याचा नेम नाही, मला दोन पाळ्या द्या.” द्याव्या लागतात. तेच पाणी लागल्यावर भागीदार शोधायला गेलात तर तेवढ्याच पैशात तो अर्ध्या पाळीवर खूश असतो. आणि पाणी लागलं म्हणून खर्च संपत नाही. मोटर आहे, पाइपलाइन आहे, विजेचं कनेक्शन आहे. मग पैसे उभे करायला बरा दिवस कुठला? पाणी लागल्याचाच.

आता हेच आकड्यांत. १० कोटी डॉलर उभे करायचे आहेत. शेअर ३ डॉलर १० सेंटला विकला तर सुमारे ३ कोटी २३ लाख नवे शेअर काढावे लागतात. तोच ३० डॉलरला विकला तर ३३ लाखांत काम होतं. जुन्या भागधारकाचा वाटा पहिल्या वेळी जवळजवळ दहापट जास्त पातळ झाला. पण आरडाओरडा होतो तो वरच्या भावाला विकल्यावर, कारण तेव्हा घेणारे जास्त असतात आणि त्यांचा भाव ताजा असतो. प्रक्षेपणाच्या एक आठवडा आधी, ५ सप्टेंबर २०२४ला, याच कंपनीने ४० कोटी डॉलरपर्यंतचे शेअर हळूहळू बाजारात सोडण्याचा करार केला. तो कागद सर्वांसाठी खुला होता. ज्यांनी वाचला त्यांना प्रक्षेपणानंतर बाजारात विकणारा कोण असू शकतो याची कल्पना होती. ज्यांनी नुसतं रॉकेट पाहिलं त्यांना नव्हती.

पैसा लागतो किती तेही पाहा. नव्या मोठ्या उपग्रहांचा खर्च, प्रक्षेपण धरून, प्रत्येकी २.१ ते २.३ कोटी डॉलर असा कंपनीचाच अंदाज. साठ उपग्रहांचे झाले सव्वाशे ते १४० कोटी डॉलर. हा पैसा गिऱ्हाइकांकडून येण्याआधी खर्च करायचा आहे. तेव्हा तो भागधारकांकडून नाहीतर कर्जातूनच येणार.

आणि ते कर्जही सरळ नसतं. २०२५मध्ये कंपनीने परिवर्तनीय रोख्यांतून मोठा पैसा उभा केला. म्हणजे आज कर्ज, उद्या भाव चढला तर त्याचेच शेअर. हे रोखे घेणाऱ्या मोठ्या संस्था बहुतेकदा त्याच वेळी शेअर शॉर्ट करतात, म्हणजे उसने घेऊन विकतात. कंपनी बुडेल म्हणून नव्हे, स्वतःची जोखीम झाकायला. बाहेरून आपल्याला फक्त शॉर्टचा आकडा फुगलेला दिसतो आणि आपण म्हणतो, बघा, पाडतायत. काही जण खरंच पाडण्यावर पैज लावतात, नाही असं नाही. पण प्रत्येक शॉर्टच्या मागे शत्रू शोधायला लागलात तर कंपनीचा ताळेबंद वाचायचा राहून जातो.

एक शेवटची गोष्ट, जरा रूक्ष आहे पण सगळ्यात उपयोगी. “भाव ऑगस्ट २०२४इतकाच आहे, म्हणजे स्वस्त आहे” असं म्हणताना शेअर किती झाले ते पाहिलं का? २०२१मध्ये सगळे वर्ग मिळून साधारण १८ कोटी शेअर होते. २०२४ संपेपर्यंत ते ३० कोटींच्या आसपास गेले. भाव तोच राहिला तरी कंपनीची किंमत दीडपटीहून जास्त झाली. त्यात या कंपनीचे शेअर तीन वर्गांचे आहेत. आपल्याला बाजारात मिळतो तो ए वर्ग. संस्थापक आबेल आवेयान यांच्याकडे सी वर्गाचे ७ कोटी ८१ लाख शेअर आहेत आणि त्यांना प्रत्येकी दहा मतं. शेअरची माहिती देणारी अनेक संकेतस्थळं बाजारमूल्य काढताना फक्त ए वर्ग मोजतात. मग कंपनी आहे त्यापेक्षा खूपच लहान दिसते आणि त्या लहान आकड्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खरा आकडा अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या साइटवर, तिमाही अहवालाच्या अगदी पहिल्या पानावर, वर्गवार छापलेला असतो. फुकट. वाचायला दोन मिनिटं.

श्रोत्यांकडून एक प्रश्न आलाय तो घेतो: “उपग्रह इस्रोने उडवला, तर आपल्याकडचा कुठला शेअर घेतला म्हणजे त्याचा फायदा मिळेल?”

इस्रो ही कंपनी नाही, ते सरकारी खातं आहे. या प्रक्षेपणाचा व्यावसायिक करार न्यूस्पेस इंडियाने केला होता. ती पूर्ण सरकारी मालकीची कंपनी आहे आणि शेअर बाजारात नाही. रॉकेटचे भाग पुरवणाऱ्या काही भारतीय कंपन्या बाजारात आहेत, पण त्यांच्या एकूण धंद्यात एका प्रक्षेपणाचा वाटा किती हे त्यांच्या वार्षिक अहवालात बघावं लागेल. आणि अमेरिकन शेअर घ्यायचाच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो नंतर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. पाठवण्याआधी बँकेला विचारा.