दूरदर्शक, चलित्रयुक्त

खस्थ पदार्थ (तारे, ग्रह, अभ्रिका इ.) शोधून त्यांच्या दैनिक गतीबरोबर आपोआप फिरत राहणारा, विद्युत् चलित्रे व लहान संगणक जोडलेला दूरदर्शक. हौशी निरीक्षकाचा पहिला दूरदर्शक म्हणून १३ सेंमी. व्यासाचा व ६५ सेंमी. केंद्रांतराचा न्यूटन पद्धतीचा परावर्तनी दूरदर्शक बराच प्रचलित आहे. पुढील वर्णन मुख्यतः त्यास अनुलक्षून आहे.

पृथ्वी स्वतःभोवतीचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरा करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर मिनिटास सु. १५ कला पश्चिमेकडे सरकतो. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. परंतु दूरदर्शक प्रतिमेचे जितके विवर्धन करतो तितकेच या सरकण्याचेही करतो. विवर्धन ७२ पट असून नेत्रिकेचे भासमान क्षेत्र ५०° असेल, तर आकाशाचा सु. ४२ कला रुंदीचा भाग दिसतो आणि गुरूसारखा ग्रह तो भाग तीन मिनिटांच्या आत ओलांडून दिसेनासा होतो. चलित्र ही गती निष्प्रभ करते. कल्पना जुनीच आहे : फ्राउनहोफर यांनी डॉर्पाट (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी बनविलेल्या व १८२४ मध्ये तेथे पोहोचलेल्या प्रणमनी दूरदर्शकास वजनावर चालणारे घड्याळी यंत्र जोडलेले होते. संगणकाची भर मात्र अलीकडची आहे.

नळीच्या तळाशी असलेला अंतर्वक्र मुख्य आरसा प्रकाश गोळा करतो. नळीच्या तोंडाजवळ ४५° कोनात बसविलेला सपाट आरसा तो प्रकाश बाजूस वळवितो व तेथील नेत्रिकेतून प्रतिमा पाहतात. अंधारात विस्फारलेली डोळ्याची बाहुली ७ मिमी. धरल्यास हा आरसा तिच्या सु. ३४५ पट प्रकाश गोळा करतो. आड येणाऱ्या सपाट आरशामुळे त्यात थोडी घट होते. विवर्धन हे मुख्य आरशाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागून मिळते. त्यामुळे २५ मिमी. नेत्रिका २६ पट, तर ९ मिमी. नेत्रिका सु. ७२ पट विवर्धन देते. हवा अगदी स्थिर असतानाही सु. २६० पटींपलीकडे या आकाराच्या दूरदर्शकात प्रतिमा फक्त मोठी व अंधूक होते. सबब खोक्यावर छापलेल्या प्रचंड आकड्यांना भुलण्याचे कारण नाही.

नळीवरील शोधक हा दिसायला क्षुल्लक, पण नवशिक्याचे यश बव्हंशी त्यावरच अवलंबून असते. स्वस्त दूरदर्शकांत तो काचेवर लाल ठिपका दाखविणारा असतो. दिवसा दूरचा एखादा मनोरा नेत्रिकेच्या मध्यभागी आणून ठिपका त्यावर जुळवून ठेवावा. न्यूटन पद्धतीत प्रतिमा उलटी दिसते, हा दोष नव्हे. हे काम रात्रीवर टाकल्यास तारा सापडण्यापूर्वीच उत्साह संपतो.

नळी एका भुजेवर बसविलेली असते. भुजेतील चलित्र नळी वरखाली (उन्नतांशात), तर बैठकीतील चलित्र ती क्षितिजाला समांतर (दिगंशात) फिरविते. प्रत्येक चलित्राच्या दंडावर खाचा असलेली चकती असून तिच्यावरून जाणारे प्रकाशस्पंद मोजून नळी किती वळली हे संगणक ठरवितो. चलित्राची गती दंतचक्रांच्या मालिकेने पुष्कळ कमी केलेली असते. त्यांत थोडी ढिलाई असतेच. म्हणून दिशा उलटविल्यावर नळी क्षणभर हलत नाही. आस सैल करून नळी हाताने ढकलल्यास मात्र स्पंदांची मोजणी चुकते व जुळणी पुन्हा करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. असा दूरदर्शक आकाश पाहत नाही. तो केवळ कोन मोजतो. दिनांक, वेळ, स्थळ आणि दोन-तीन ताऱ्यांच्या दिशा त्यास निरीक्षकाने पुरवाव्या लागतात. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. यातील अर्धा तास गाळला गेला, तर आकाश ७ १/२°, म्हणजे चंद्राच्या सु. पंधरा व्यासांइतके, सरकलेले धरले जाते. मग दूरदर्शक चित्रा म्हणून भलत्याच जागी थांबतो, निरीक्षक जवळची दुसरी ठळक चांदणी मध्यावर आणून होकार देतो आणि पुढचे सारे वेध चुकतात. दिनांक लिहिताना काही यंत्रांत महिना आधी द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. दोष यंत्राचा मानून ते माळ्यावर टाकण्यापूर्वी या नोंदी तपासणे इष्ट.

दीड व्होल्टचे आठ घट मिळून लागणारे १२ व्होल्ट देतात, परंतु चलित्रे वेगाने फिरताना विद्युत् प्रवाह वाढून दाब उतरतो. घट जुने असल्यास संगणक मध्येच बंद पडून जुळणी विसरतो. बाहेरील १२ व्होल्टची विद्युत् घटमाला अधिक भरवशाची; मात्र जोडणीतील धन व ऋण अग्रे आधी पडताळावीत.

तिवई घट्ट व समतल असावी. उन्नतांश-दिगंश बैठकीमुळे तारा मध्यावर राहिला, तरी भोवतीचे क्षेत्र हळूहळू फिरते. पाहण्यात याने बाधा येत नाही, परंतु दीर्घकाळ उद्‌भासन केलेल्या छायाचित्रात कडेचे तारे कंसाकार उमटतात. त्या कामासाठी एक आस ध्रुवाकडे रोखलेली विषुवीय बैठक वापरतात. पुण्यात ही आस क्षितिजाशी सु. १८ १/२° कोन करते.

सूर्याकडे असा दूरदर्शक कधीही उघडा रोखू नये. क्षणार्धात डोळा कायमचा निकामी होतो. नेत्रिकेवर बसविण्याचे सूर्यगालक उष्णतेने तडकतात, म्हणून ते टाळावेत. नळीचे तोंड पूर्ण झाकणारा, मान्यताप्राप्त गालक बसवूनच सूर्य पाहावा व त्या वेळी शोधक काढून किंवा झाकून ठेवावा. आज्ञा मिळताच नळी स्वतःच्या मार्गाने वळते आणि त्या मार्गात सूर्य असू शकतो. त्यामुळे दिवसा यंत्र चालवून पाहताना तोंडावरचे झाकण काढू नये.